लेझरने गॅस मोजताना सेन्सिटिव्हिटी अडकते कुठे? पॉवर वाढवण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे की १६५३.७ नॅनोमीटरचा १० मिलिवॉटचा डीएफबी लेझर (एकाच तरंगलांबीचा, करंटने आणि तापमानाने थोडा हलवता येणारा) आहे, एक मीटरचा साधा सिंगल पास सेल (गॅस भरायची नळी, प्रकाश एकदाच आरपार जाणारी) आहे, लेझरची तरंगलांबी एफ फ्रिक्वेन्सीने हलवून (हेच मॉड्युलेशन) लॉक-इनने, म्हणजे ठराविक फ्रिक्वेन्सीचाच सिग्नल उचलणाऱ्या यंत्राने, दुप्पट फ्रिक्वेन्सीचा टू-एफ सिग्नल घेताय, मिथेन १ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत एक भाग) मोजायचाय. सेलमध्ये शून्य हवा (मिथेन नसलेली) भरली तरी रीडिंग १०-१५ पीपीएमने वरखाली होतं, आणि दहा सेकंदांऐवजी दहा मिनिटं ॲव्हरेज घेतलं तरी काही फरक पडत नाही. तर २० मिलिवॉटचा लेझर घ्यावा की मल्टिपास सेल (मिररमध्ये प्रकाश अनेकदा फिरवून मार्ग लांबवणारा)?

लेझर घेऊ नका, निदान आत्ता तरी. मल्टिपासचं नंतर बघू. तुम्ही जे शेवटी सहज लिहून टाकलंय ना, की ॲव्हरेजिंग वाढवून फरक पडत नाही, खरं उत्तर तिथेच आहे. नॉइज जर डिटेक्टरचा किंवा फोटॉनचा असता तर साठ पट वेळ घेतल्यावर तो जवळजवळ आठ पट कमी झाला असता, कारण असा नॉइज वेळेच्या वर्गमुळाने उतरतो. उतरत नाही म्हणजे तो रँडम नॉइज नाहीच, काहीतरी हळूहळू सरकतंय. आणि या धंद्यात हळूहळू सरकणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच असते, ती म्हणजे फ्रिंज, काचांवरून परतलेला प्रकाश मुख्य बीममध्ये मिसळून उठणारी लाट.

पण आधी आकडे मांडू, कारण आकडे न मांडता केलेली खरेदी नेहमी चुकीच्या पार्टची होते. या लाईनवर (मिथेन ज्या ठराविक तरंगलांबीला प्रकाश शोषतो तिथे) वातावरणाच्या दाबाला १ पीपीएम मिथेन १ मीटर अंतरात किती प्रकाश खातो? साधारण लाखात चार भाग. आता दुसरी बाजू. डिटेक्टरवर १ मिलिवॉट पोचला तर इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या डिटेक्टरमधून या तरंगलांबीला अंदाजे १ मिलिॲम्पियर करंट येतो, त्याचा शॉट नॉइज, म्हणजे फोटॉन मोजून-मापून येत नाहीत म्हणून जो अटळ नॉइज असतो तो, १ हर्ट्झ बँडविड्थमध्ये दहा कोटीत दोन भागाच्या आसपास असतो. टू-एफमध्ये सिग्नलचा साधारण एक तृतीयांश भागच हाताला लागतो (मॉड्युलेशन बरोबर सेट असलं तर ०.३४), ते धरूनही कागदावर तुमच्या याच सेटअपची मर्यादा एक-दोन पीपीबी (पीपीएमचा हजारावा भाग) येते. आणि तुम्ही १०-१५ पीपीएमवर बसलायत. म्हणजे दहा हजार पट वर. पॉवर दुप्पट केली तर शॉट नॉइजची मर्यादा १.४ पटीने सुधारेल, पण तुम्ही त्या मर्यादेच्या गावातसुद्धा नाही आहात, तर ती सुधारून करायचंय काय? वर फ्रिंज ही पॉवरच्या प्रमाणातच वाढते. लेझर दुप्पट, मिथेनचा सिग्नल दुप्पट, फ्रिंजही दुप्पट, पैसे मात्र गेले.

आता फ्रिंज म्हणजे काय ते नीट बघू, कारण वाचलेलं सगळ्यांनी असतं पण तिच्या ताकदीचा अंदाज फार थोड्यांना असतो. कुठल्याही दोन पृष्ठभागांमध्ये, विंडोच्या (सेलच्या टोकाच्या काचेच्या) दोन बाजू म्हणा, लेन्स आणि डिटेक्टरची काच म्हणा, फायबरचं टोक आणि सेलची विंडो म्हणा, थोडा प्रकाश परत जातो, पुन्हा उलटून येतो आणि मुख्य बीमबरोबर डिटेक्टरवर पडतो. इथे पॉवर बेरजेला येत नाही, फील्ड बेरजेला येतं. त्यामुळे भटक्या प्रकाशाची पॉवर मुख्य बीमच्या हजार कोटींत एक भाग असली तरी फ्रिंजची उंची त्याच्या वर्गमुळाच्या हिशोबाने येते, शिखरापासून तळापर्यंत लाखात चार भाग. परत वाचा. हजार कोटींत एक भाग प्रकाश भटकला की तो १ पीपीएम-मीटर मिथेनएवढा दिसतो. तुमचे १०-१५ पीपीएम दिसायला दहा कोटीत एक-दोन भाग पुरतात. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग असलेल्या चांगल्या विंडोची एक बाजू हजारात एक भाग तरी परत पाठवतेच, दोन बाजूंचं गुणलं की दहा लाखांत एक. म्हणजे "कोटिंग आहे आमच्याकडे" हे उत्तर इथे चालत नाही. कोटिंगने फ्रिंज कमी होते, संपत नाही.

आणि ती स्थिर राहिली असती तर एकदा मोजून वजा केली असती, भानगडच नव्हती. ती सरकते. ॲल्युमिनियमच्या बेसवर ५ सेंटीमीटर अंतरावर दोन काचा बसवल्यायत असं धरा. तापमान एक डिग्री वाढलं की ॲल्युमिनियम मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे या ५ सेंटीमीटरला १.१५ मायक्रॉन, प्रकाश जाऊन परत येतो म्हणून २.३ मायक्रॉन, आणि आपली तरंगलांबी आहे १.६५ मायक्रॉन. एका डिग्रीत फ्रिंज एक पूर्ण चक्कर मारून वर थोडी पुढे गेली. खोलीचा एसी चालू-बंद होतो तेव्हा रीडिंग लाटेसारखं का हलतं ते आता कळलं असेल.

सगळ्या फ्रिंज सारख्या त्रासदायक नसतात हे मात्र लक्षात ठेवा, नाहीतर सगळ्यांच्या मागे लागून महिना जातो. फ्रिंजचा पिरियड फ्रिक्वेन्सीमध्ये किती हे अंतरावर ठरतं, प्रकाशाचा वेग भागिले अंतराची दुप्पट (काचेत असेल तर वर रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सने भागायचं). मिथेनची ही लाईन वातावरणाच्या दाबाला चार-पाच गिगाहर्ट्झ रुंद असते. एक मिलिमीटर जाडीच्या काचेची फ्रिंज १०० गिगाहर्ट्झची, ती तुमच्या स्कॅनमध्ये हळू उतारासारखी दिसते, टू-एफ तिला बऱ्यापैकी मारून टाकतं. पूर्ण एक मीटर सेलच्या दोन टोकांमधली फ्रिंज १५० मेगाहर्ट्झची, ती मॉड्युलेशनमध्येच धुऊन निघते. जी मिथेनच्या लाईनएवढीच रुंद दिसते, म्हणजे हवेत साधारण दीड ते दहा सेंटीमीटर अंतराची, ती खरी वैरीण. आणि दुर्दैवाने आपण लेन्स, विंडो, डिटेक्टर बसवतो ते नेमके एवढ्याच अंतरावर.

मग शोधायची कशी? सेलमध्ये शून्य हवा, मॉड्युलेशन बंद, नुसता करंट रॅम्प देऊन लेझर जास्तीत जास्त रुंद स्कॅन करा, चाळीस-पन्नास गिगाहर्ट्झ मिळाले तर उत्तम. पॉवर वाढण्याचा उतार एका पॉलिनॉमियलने काढून टाका, उरलेल्या बेसलाइनचा फूरियर ट्रान्सफॉर्म घ्या. जिथे शिखर दिसेल तिथून पिरियड, पिरियडवरून अंतर. समजा २.१ गिगाहर्ट्झवर आलं तर हवेत ७.१ सेंटीमीटर. मग फूटपट्टी घेऊन बसा आणि सेटअपमध्ये ७ सेंटीमीटरवर कुठली दोन पृष्ठभागांची जोडी आहे ते मोजा. ऐकायला बालिश वाटतं, पण बहुतेक गुन्हेगार फूटपट्टीनेच सापडतात. स्कॅनचा एक्स-ॲक्सिस मात्र आधी कॅलिब्रेट करा, लेझरचा ट्यूनिंग रेट डेटाशीटमधून उचलू नका, एक ठाऊक जाडीचा एटॅलॉन (दोन समांतर बाजूंची काच) मधे ठेवून मोजा. डीएफबी साधारण डिग्रीला ०.१ नॅनोमीटर आणि मिलिॲम्पियरला ०.०१ नॅनोमीटर सरकतो हे खरं, पण करंटचा रेट मॉड्युलेशनच्या फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो, १० किलोहर्ट्झला तो रॅम्पच्या रेटपेक्षा कमी भरतो कारण करंटने होणारं ट्यूनिंग मुख्यतः चिप गरम होण्यातून येतं आणि गरम व्हायला वेळ लागतो.

जोडी सापडली तरी खात्री करायची असेल तर लाइव्ह बेसलाइन बघत बघत एकेक माउंट बोटाने अगदी हलकं दाबा किंवा जवळ कोमट काहीतरी धरा. जी लाट पळेल तो माउंट. हे केल्याशिवाय काही विकत आणू नका.

आता उपाय, मला महत्त्वाचे वाटतात त्या क्रमाने. विंडो वेज असलेली घ्या, म्हणजे दोन बाजू समांतर नसलेली, अर्ध्या-एक डिग्रीची, आणि वर ती तिरकीही बसवा. नुसती वेज असली आणि दुसऱ्या बाजूला सपाट काच समांतर बसली असली तर निम्माच फायदा. फायबर असेल तर सगळे कनेक्टर एपीसी, म्हणजे ८ डिग्री तिरकस घासलेले, एकसुद्धा सरळ पीसी कनेक्टर मधे राहिला की तिथून प्रकाश उलटा लेझरमध्येसुद्धा जातो आणि मग लेझरची लाईनच थरथरायला लागते, तेव्हा प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा आयसोलेटरही बघून घ्या. डिटेक्टरच्या डब्यावरची काच ही सगळ्यात दुर्लक्षित जागा आहे. शक्य असेल तर बिनकाचेचा किंवा वेज विंडोवाला डिटेक्टर घ्या, नाहीतर आहे तो दहा-पंधरा डिग्री वाकडा बसवा, म्हणजे परतलेला प्रकाश लेन्सकडे न जाता बाजूला जाईल. लेन्सच्या जागी शक्य तिथे ऑफ-ॲक्सिस पॅराबोलिक मिरर लावा, मिररला दुसरी बाजू नसते, हा त्याचा मोठाच गुण. बीम कुठेही कडेला घासता कामा नये, घासला की स्कॅटर होतो आणि स्कॅटर म्हणजे सगळीकडून सगळीकडे फ्रिंज. बाजूला गेलेला प्रकाश गिळायला काहीतरी लागतंच, इथे एक गंमत सांगतो, काळं ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम डोळ्याला काळंभोर दिसतं पण त्यातला रंग नियर-इन्फ्रारेडला बराचसा पारदर्शक असतो, त्यामुळे १.६५ मायक्रॉनला ते चांगलंच चमकतं. बीम डंप म्हणून ते वापरू नका.

एवढं करूनही उरतेच थोडी. त्यासाठी पायझोवर (व्होल्टेज दिला की किंचित लांबणाऱ्या तुकड्यावर) एखादा मिरर किंवा विंडो बसवून अंतर काही शे हर्ट्झने हलवत ठेवतात, म्हणजे फ्रिंजचा फेज सतत फिरत राहतो आणि ॲव्हरेजमध्ये ती जाते. चालतं, पण हलणारा पार्ट वाढला. त्यापेक्षा मला आवडणारी युक्ती फुकटातली आहे. मॉड्युलेशनची खोली निवडताना सगळे लाईन बघून निवडतात, लाईनच्या अर्ध्या रुंदीच्या २.२ पट घेतलं की टू-एफ सिग्नल सर्वात मोठा, हे प्रत्येकाला पाठ असतं. पण हा डोंगरमाथा फार चपटा आहे, २.२ च्या जागी १.९ किंवा २.६ घेतलं तर सिग्नल फारसा पडत नाही. उलट साइन आकाराच्या फ्रिंजचा टू-एफ सिग्नल हा बेसेल फंक्शनने जातो आणि मॉड्युलेशनचं ॲम्प्लिट्यूड फ्रिंज पिरियडच्या ०.८२ पट केलं की तो शून्य होतो. म्हणजे एकच हट्टी फ्रिंज उरली असेल, समजा ६ गिगाहर्ट्झची, तर ॲम्प्लिट्यूड ४.९ गिगाहर्ट्झला ठेवा, लाईनच्या सिग्नलला जवळजवळ धक्का न लागता ती गायब होते. आता तुमचं अंतर तुमच्या हातात असतं, त्यामुळे उलटंही करता येतं, मॉड्युलेशन लाईनप्रमाणे ठरवायचं आणि मग जी फ्रिंज टाळता येत नाही तिचे दोन पृष्ठभाग अशा अंतरावर बसवायचे की ती त्या शून्यात पडेल. डिझाइन करतानाच हे केलं तर नंतरची डोकेदुखी वाचते.

टू-एफ भागिले वन-एफ (मॉड्युलेशनच्याच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल) करता का? करत नसाल तर करा. करंट हलवला की पॉवरही हलते, त्यामुळे वन-एफ सिग्नल लाईनच्या मधोमध पॉवरच्या प्रमाणात असतो, त्याने भागलं की विंडोवरची धूळ, लेझर म्हातारा होणं, अलाइनमेंट थोडं सरकणं हे सगळं आपोआप निघून जातं. स्टॅनफर्डमधल्या हॅन्सन यांच्या गटाने ज्वलनाच्या धुराळ्यात मोजण्यासाठी हे फार नीट बसवून दिलंय. मात्र याने फ्रिंज जात नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. फ्रिंज ही पॉवरचा चढउतार नाही, ती तरंगलांबीप्रमाणे बदलणारी गोष्ट आहे, अगदी गॅससारखीच, म्हणून तर ती गॅसचं सोंग घेऊ शकते. बॅलन्स्ड डिटेक्टरचंही तेच. दोन डिटेक्टर लावून लेझरचा स्वतःचा नॉइज वजा होतो, एका फांदीतली फ्रिंज दुसऱ्या फांदीत नसते त्यामुळे ती तशीच राहते, उलट बीमस्प्लिटरने एक नवीन घातली नसली म्हणजे मिळवलं.

लेझर लाईनवर बसून आहे ना हेही बघा. या तरंगलांबीला ०.१ नॅनोमीटर म्हणजे ११ गिगाहर्ट्झ, त्यामुळे लेझरचं तापमान डिग्रीच्या दहाव्या भागाने हललं की लाईनच्या रुंदीचा जवळजवळ पाव भाग तुम्ही बाजूला गेलात. स्कॅन करत असाल तर शिखर शोधता येतं, पण एकाच जागी लेझर उभा करून मोजत असाल तर थोडा प्रकाश वेगळा काढून भरपूर मिथेन भरलेल्या छोट्या रेफरन्स सेलमधून न्या आणि तिथल्या थ्री-एफच्या शून्यावर लेझर लॉक करा. स्वस्त आणि एकदम भरवशाचं.

मॉड्युलेशन फ्रिक्वेन्सीबद्दल फार लिहीत नाही. शे-दोनशे हर्ट्झवर असाल तर वर चढा, १० ते ५० किलोहर्ट्झमध्ये लेझरचा एक-भागिले-एफ नॉइज बराच उतरलेला असतो. शेकडो मेगाहर्ट्झला नेऊन साइडबँडने मोजण्याची पद्धत ब्योर्कलुंड यांनी १९८० मध्ये दाखवली, कागदावर ती फार सुंदर दिसते, पण वातावरणाच्या दाबाच्या रुंद लाईनला आणि फ्रिंजने अडकलेल्या सेटअपला तिचा उपयोग नाही. एडीसीचे (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपचे) बिट कमी पडतात का अशी शंका काही जणांना येते, १६ बिटची एक पायरी लाखात दीड भाग, आणि वर थोडा नॉइज असला की ॲव्हरेजिंगने पायरीच्या आतलंही दिसतं, त्यामुळे तिथे अडकत नाही. प्रीॲम्पचा रेझिस्टर १० किलोओहमचा असेल तर त्याचा नॉइज १ मिलिॲम्पियरच्या शॉट नॉइजपेक्षा दहा पटीहून कमी आहे, तोही सोडा. करंट ड्रायव्हर मात्र चांगला हवा.

यानंतर ॲलन डेव्हिएशनचा ग्राफ काढा, म्हणजे ॲव्हरेजिंगचा वेळ वाढवला की रीडिंगचा चढउतार किती उरतो त्याचा. डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये तो अणुघड्याळांसाठी आणला, १९९३ मध्ये वेर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझर गॅस मोजणीला लावला आणि तेव्हापासून त्याच्याशिवाय कुणी सेन्सिटिव्हिटीचा आकडा सांगितला तर मी तरी ऐकून सोडून देतो. शून्य हवेवर तासभर डेटा घ्या, ॲव्हरेजिंगचा वेळ वाढवत न्या, ग्राफ आधी खाली उतरेल, एका ठिकाणी तळ गाठेल आणि मग परत वर चढेल. तो तळ तुमची खरी मर्यादा आणि तळाची वेळ म्हणजे यापुढे ॲव्हरेज करणं फुकट. तुमचा तळ माझ्या अंदाजाने दहा सेकंदांच्याही आत असेल. फ्रिंजवर काम करताना प्रत्येक बदलानंतर हा ग्राफ काढत गेलात तर तळ उजवीकडे आणि खाली सरकताना दिसेल, आणि एवढं एकच चित्र तुम्हाला सांगेल की बदल कामाचा होता की नाही. तळाच्या वेळेपेक्षा कमी वेळात शून्य हवा आणि नमुना आलटून पालटून सोडता आला तर उरलेली फ्रिंज वजा होते. पण दोन्ही वेळा दाब, फ्लो आणि तापमान तेच ठेवा, दाब बदलला की विंडो किंचित फुगते आणि फ्रिंज सरकते, म्हणजे वजाबाकी करून उलट नवीन चूक आत आणल्यासारखं. शून्य हवेच्या सिलिंडरच्या सर्टिफिकेटवर टोटल हायड्रोकार्बनचा आकडाही बघा.

सेलच्या बाहेरची हवा विसरू नका. साध्या हवेत सुमारे २ पीपीएम मिथेन असतोच, त्यामुळे लेझर ते सेल आणि सेल ते डिटेक्टर मिळून २० सेंटीमीटर मोकळी हवा असेल तर तुमच्या एक मीटर सेलमध्ये ०.४ पीपीएम फुकट मिळाला, आणि खोलीतला मिथेन हलला की तोही हलणार. हे फक्त आपल्याला होतं असं नाही. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरवर मिथेन मोजायचा लेझर स्पेक्ट्रोमीटर आहे, ३.२७ मायक्रॉनचा, ८१ पासचा हेरियट सेल (मल्टिपासचाच एक प्रकार), १६.८ मीटरचा मार्ग. त्याच्या सेलच्या आधी जो ऑप्टिक्सचा छोटा कप्पा आहे त्यात प्रक्षेपणाआधी फ्लोरिडातली हवा शिरून बसली होती, आणि मंगळावर पोचल्यावर सुरुवातीला दिसलेला मिथेन पृथ्वीचाच निघाला. म्हणून ते सेल भरून आणि रिकामा करून दोन्ही वेळा मोजतात आणि वजा करतात. तुम्ही मधल्या जागेत नळ्या बसवून त्यात नायट्रोजन सोडा, तेवढं पुरे. पाण्याची वाफ मोजणाऱ्यांचे तर याहून हाल, लेझरच्या सीलबंद डब्यातसुद्धा वाफ अडकलेली असते आणि ती काढता येत नाही.

आता मल्टिपास. हा प्रश्न तुम्ही चुकीचा विचारला नाहीत. फ्रिंजने अडकलेल्या सेटअपलाही लांब मार्गाचा पूर्ण फायदा मिळतो, पण अट एकच, फ्रिंज वाढता कामा नये. ३० मीटरचा मार्ग घेतला आणि फ्रिंज होती तेवढीच राहिली तर पीपीएममध्ये ३० पट सुधारणा. पण मल्टिपासमध्ये मिररवरचे ठिपके एकमेकांना चिकटले की शेजारच्या ठिपक्याचा प्रकाश बाहेर यायच्या भोकातून निसटतो आणि नवी फ्रिंज घालतो. व्हाइट सेल १९४२ चा, हेरियट सेल १९६० च्या दशकातला, दोन्हींवर पुष्कळ लिहिलंय, हेरियट अलाइनमेंटला जास्त सोशिक, थरथर सहन करतो, म्हणून फील्डमध्ये तोच. पास किती घ्यायचे याचा एक हिशोब आहे. डिटेक्टर नॉइजने अडकला असाल तर एक भागिले मिररचा लॉस एवढे पास सर्वोत्तम, म्हणजे ९८ टक्क्यांचा मिरर असेल तर ५०, त्यापुढे सिग्नल वाढण्यापेक्षा प्रकाश जास्त जातो. शंभर पास घेतले तर १३ टक्के प्रकाश उरतो. कॅटलॉगमध्ये "७६ मीटर" बघून उड्या मारू नका, मिररची रिफ्लेक्टिव्हिटी विचारा.

दाब कमी करायचा का, हे मल्टिपासबरोबरच ठरवा. दाब खाली नेला की लाईन अरुंद होते, शिखराची उंची मात्र बरीच टिकून राहते, कारण रेणू कमी झाले तेवढीच रुंदीही कमी झाली. हे डॉप्लरची (रेणूंच्या हालचालीमुळे असणारी) रुंदी येईपर्यंत चालतं, या लाईनला ती साधारण अर्धा गिगाहर्ट्झ, म्हणून ५० ते १५० मिलिबारमध्ये लोक थांबतात. फायदा असा की शेजारच्या पाण्याच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या लाईन्स वेगळ्या दिसतात. तोटा असा की आता अर्ध्या-एक गिगाहर्ट्झची फ्रिंज, जी आधी निरुपद्रवी होती, ती लाईनएवढी झाली. ३० सेंटीमीटरच्या हेरियटमध्ये एक जा-ये म्हणजे ६० सेंटीमीटरचा फरक, त्याची फ्रिंज ५०० मेगाहर्ट्झ. नेमकी डोक्यावर. फक्त मिथेनच मोजायचा आणि मिश्रणात गर्दी नसेल तर पंपाची कटकट मी घेणार नाही.

लाईन बदलणं हा खरा मोठा हात. १.६५ मायक्रॉनला आपण ओव्हरटोन, म्हणजे मूळ कंपनाच्या साधारण दुप्पट फ्रिक्वेन्सीचा कमजोर बँड, वापरतो, मूळ बँड ३.३ मायक्रॉनला आहे आणि तिथल्या लाईन्स जवळजवळ शंभर पट जोरदार आहेत. कार्बन मोनॉक्साइडचंही असंच, मूळ बँड ४.६ मायक्रॉनला, पहिला ओव्हरटोन २.३ ला, दुसरा १.५७ ला, प्रत्येक पायरीला सुमारे शंभर पट पडतो. आज ३ ते ६ मायक्रॉनमध्ये इंटरबँड कॅस्केड लेझर आणि त्यापुढे क्वांटम कॅस्केड लेझर खोलीच्या तापमानाला चालतात, त्यामुळे द्रव नायट्रोजनचे दिवस गेले. तिकडचे डिटेक्टर जास्त नॉइजी असतात, ऑप्टिक्स महाग आणि फायबरची सोय नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे लोक म्हणतात शंभर पट पदरात पडत नाही. पण तुमच्यासारख्या फ्रिंजने अडकलेल्या माणसाला ते बऱ्यापैकी पडतं, कारण फ्रिंज तीच राहिली आणि पीपीएममागचा सिग्नल शंभर पट झाला. फक्त हिट्रान या गॅसच्या लाईन्सच्या डेटाबेसमधून तुमच्या मार्गाला, दाबाला आणि जास्तीत जास्त आर्द्रतेला स्पेक्ट्रम काढून पाण्याची लाईन अंगावर येत नाही ना हे बघितल्याशिवाय लेझरची ऑर्डर देऊ नका, डीएफबी नंतर दोन-तीन नॅनोमीटरपलीकडे हलत नाही.

याच्याही पुढे कॅव्हिटी. ओ'कीफ आणि डीकन यांनी १९८८ मध्ये दाखवलेली रिंग-डाउन पद्धत अशी की दोन फार चांगल्या मिररमध्ये प्रकाश कोंडायचा, लेझर बंद करायचा आणि प्रकाश विझायला किती वेळ लागतो तो मोजायचा. अर्ध्या मीटरची कॅव्हिटी, मिररचा लॉस दहा हजारांत एक, तर विझायचा वेळ १७ मायक्रोसेकंदांच्या आसपास आणि परिणामी मार्ग ५ किलोमीटर. वेळ मोजतोय म्हणून लेझरची पॉवर हलली तरी फिकीर नाही. पीपीबी आणि त्याखाली जायचं असेल तर हीच वाट. पण मिररवर धूळ किंवा तेलाचा थर बसून लॉस दुप्पट झाला की मार्ग अर्ध्यावर, त्यामुळे फिल्टर आणि कोरडा नमुना याला पर्याय नाही, आणि चिमणीतल्या घाण गॅसला तर हे लावूच नये. तुम्हाला १ पीपीएम हवाय, तुमच्यासाठी हे ओव्हरकिल.

पॉवरने सिग्नल खरंच वाढतो अशी पद्धत हवी असेल तर ती फोटोअकूस्टिक. गॅसने खाल्लेला प्रकाश उष्णता होतो, उष्णतेचा आवाज होतो आणि आपण तो आवाज ऐकतो, त्यामुळे जितकी पॉवर तितका आवाज. २००२ पासून मायक्रोफोनच्या जागी घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ ट्यूनिंग फोर्क वापरायची पद्धत रूढ झाली, सेल अगदी इवलासा होतो. तिथेही फुकट काही नाही, फोर्कच्या दांड्यांना प्रकाश घासला की बॅकग्राउंड, आणि मिथेनसारख्या रेणूंची ऊर्जा किती वेगाने उष्णतेत उतरते हे ओलाव्यावर अवलंबून असल्याने आर्द्रता वेगळी मोजावी लागते. २० मिलिवॉटचा लेझर घ्यायचाच असेल तर तो इथे शोभेल.

अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड असले चिकट गॅस मोजणाऱ्यांनी वरचं सगळं वाचून झाल्यावर आधी नळीकडे बघावं, भिंतीला चिकटून बसलेला गॅस कुठल्याही लेझरला दिसत नाही. मिथेनला हा त्रास नाही.

तर तुमच्या बाबतीत मी असं करेन, आहे तोच लेझर, आहे तोच सेल, आधी वेज विंडो आणि तिरका डिटेक्टर, मग मॉड्युलेशनची खोली, मग वन-एफने भागणं, मग मधल्या हवेत नायट्रोजन. फ्रिंज लाखात काही भागांवर आली की १-२ पीपीएम या एक मीटर सेलमध्येच दिसायला हवा, आणि त्याच्या खाली जायचं असेल तरच मल्टिपासला पैसे टाका. शून्य हवेवरचा रुंद स्कॅन, ॲलनचा ग्राफ आणि फायबरच्या टोकापासून डिटेक्टरपर्यंतची सगळी अंतरं मिलिमीटरमध्ये (काचांची जाडीसुद्धा) टाका, कुठली जोडी त्रास देतेय ते बघून सांगतो.